सुबराव समुद्र निवडायला गेला

एका गावात एक भोळा विणकर होता. नाव सुबराव. गाव खडकेवाडी, सगळा कोरडा मुलूख. त्याच्या घरात म्हातारी आई भागूबाई, बायको चांगुणा आणि दोन लेकरं. मागावर बसला की सुबराव असं लुगडं विणायचा की बघत राहावं. मागावरून उठला की मात्र देवच राखो.

एकदा मास्तरीणबाईंनी चांगुणाला फोनवर काहीतरी दाखवलं. समुद्राच्या तळाशी माणसं हिंडतायत. तोंडात नळी, पाठीवर हवेचं नळकांडं, अवतीभोवती रंगीत मासे. पोहता येत नसलं तरी हाताला धरून नेतात म्हणे. खडकेवाडीत चांगुणाच्या गुडघ्याच्या वर पाणी कधी आलं नव्हतं. तिनं ध्यासच घेतला. लेकरांच्या सुट्टीत जायचं, डोक्यावरून पाणी जाऊ द्यायचं आणि पोटभर मासे बघायचे. पण पावसाळा लागला की समुद्रात कुणी उतरू देत नाही, म्हणून घाई.

ती म्हणाली, "अहो, तुम्ही पुढं जाऊन नवशिक्यांना जमेल अशी जागा बघून या. पाणी नितळ पाहिजे, तळ दिसला पाहिजे, मासे पाहिजेत."

"एवढंच ना?" म्हणाला आणि सुबराव निघाला.

एसटी तालुक्याला थांबली. तो चहाला हॉटेलात शिरला. तिथं काचेची पेटी. पाणी नितळ, तळ दिसतोय, मासे फिरतायत. सुबराव उलट्या पावली घरी.

"अगं, समुद्रापर्यंत जायला नकोच. तालुक्यालाच आहे. गल्ल्याशेजारी."

"माणूस मावतो का त्यात?"

"एकेक पाय घालू की."

चांगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, किती खोल आहे ते नको बघायला? दोरीला दगड बांधायचा, आत सोडायचा. दोरी भिजली तेवढं खोल."

"हे आधी सांगायचं नाही का?"

दुसऱ्या खेपेला तो दोरी-दगड घेऊन निघाला आणि थेट किनाऱ्याच्या गावी पोचला. माडबंदर. भूक लागली म्हणून खानावळीत बसला. खानावळवाल्या वहिनींनी पुढ्यात पातेलं ठेवलं, माशांचं कालवण. सुबरावनं वाकून बघितलं. पाणी आहे, मासे आहेत. खोल किती? सोडला दगड. निम्मं कालवण वहिनींच्या पदरावर.

"मेल्या, माजा कालवण!" म्हणत वहिनींनी पळी उगारली. सुबराव दोरी गुंडाळत पळाला, तो घरी येऊन थांबला.

"खानावळीतच मिळालं, पातेल्यात. एक वीत खोल आहे. लेकरांना चालेल. पण गरम आहे गं."

चांगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, खाण्यापिण्यात दगड घालतात का? ते चाखून बघायचं! बिघडलं असेल तर नाही म्हणायचं, उठून यायचं."

"हे आधी सांगायचं नाही का?"

तिसऱ्या खेपेला तो खानावळ टाळून सरळ वाळूत गेला. समोर समुद्र. त्यानं ओंजळ भरली, चाखली, थू थू केलं आणि उठून आला.

"जायचं रद्द. सगळा समुद्र बिघडलाय. मीठ जास्त पडलंय, आणि एवढं मोठं पातेलं, आता काय सुधारत नाही."

लेकरं खो खो हसली. चांगुणाला हसू येईना. सुट्टीचे दहा दिवस उरले होते.

"अहो, ते चाखायचं नसतं! तिथं शिकवणारा माणूस असेल, त्याला विचारा. तो सांगेल तसंच करा."

"हे आधी सांगायचं नाही का?"

चौथ्या खेपेला त्याला वामन मेतर भेटला. समुद्रात माणसं नेण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो म्हणाला, "आणा घरच्यांना. इथं खडकाच्या आड लाट येत नाही, दोन पुरुष पाणी आहे, नवशिक्यांना बरं. मी स्वतः हात धरतो. आणि ध्यानात ठेवा, डोळ्यांवरच्या काचेत आधी थुंकायचं, मग धुवायचं. म्हणजे लख्ख दिसतं."

सुबराव घरी आला. भागूबाई उंबऱ्यावर बसली होती. "कोण ते? मेलं दिसत नाही हल्ली."

सुबरावनं तिचा चष्मा काढला, दोन्ही काचांत थुंकला, धुतला आणि परत नाकावर ठेवला.

म्हातारी म्हणाली, "आता दिसतंय रे. माझ्या पोटी काय जन्माला आलंय ते लख्ख दिसतंय."

पण जागा मिळाली होती! चांगुणानं दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एसटीत घातलं. माडबंदरला सगळ्यांनी अंगाला घट्ट बसणारे काळे रबरी पोशाख चढवले. म्हातारीनं सुद्धा. सुबरावचं काय करायचं? चांगुणानं विचार केला आणि सगळ्यांच्या कपड्यांचं बोचकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही काठावर बसा. एवढंच करा, कपड्यांना पाणी लागू देऊ नका."

"एवढंच ना?"

होडी गेली. सुबराव बसला. थोड्या वेळानं भरती आली, पाणी पायाशी आलं. तो माडांखाली सरकला. पाणी तिथंही आलं. तो रस्त्यावर गेला. तिथं कुणी अंगणात सडा टाकत होतं. तो एसटी स्टँडवर गेला. तिथला नळ गळत होता. सुबराव घाबरला. पाणी मागंच लागलंय! जिथं पाण्याचा थेंब नाही असं एकच ठिकाण त्याला माहीत होतं. तो एसटीत बसला आणि खडकेवाडीला गेला.

इकडं होडी परतली. काठावर ना सुबराव, ना बोचकं. चौघं काळ्या रबरात उभी. म्हातारी म्हणाली, "या वेशात मी एसटीत पाय ठेवणार नाही."

खानावळवाल्या वहिनींना कळलं तशा त्या हसत हसत धावत आल्या. त्यांनी आपली लुगडी दिली, लेकरांना परकर-सदरे दिले. "तो येयपर्यंत ऱ्हावा आमच्याकडे. जातलात खंय?"

मग काय! वामन रोज सकाळी हाक मारायचा, चांगुणा रोज पाण्याखाली जायची. पहिल्या दिवशी भीतीनं तिनं डोळेच मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी मासे बघितले. तिसऱ्या दिवशी मासे तिच्या बोटांमधून फिरले. डोक्यावरून पाणी गेलं, पुन्हा गेलं, तरी तिचं मन भरेना.

चौथ्या दिवशी सुबराव उगवला. घामाघूम, पण बोचकं डोक्यावर कोरडं ठणठणीत.

"एक थेंब लागू दिला नाही!"

चांगुणानं बोचकं चाचपलं. एकदा समुद्राकडं बघितलं. एकदा नवऱ्याकडं.

"अहो, इकडची हवा लागून दमट झालेत की हो. जा, घरी जाऊन नीट वाळवून आणा."

"हे आधी सांगायचं नाही का?" म्हणाला आणि सुबराव एसटीकडं पळाला.

चांगुणाला आणखी चार दिवस समुद्र मिळाला. तसा सगळ्यांना मिळो.