झिल्ल्यांची राई

डोंगराच्या कुशीत कुंभळवणे नावाचं गाव होतं. तिथे कोंडाजी नावाचा शेतकरी राहायचा. जमीन बेताची, पण त्याच्या शब्दाला मोठं वजन होतं. बांधावरून भांडण लागलं, कुणाचं ढोर कुणाच्या शेतात शिरलं, की लोक आधी विचारायचे, "कोंडाजीनं पाहिलंय का?" त्यानं पाहिलं असेल तर पुढे चौकशी होत नसे. तो सांगेल ते खरं, असं सगळ्या गावानं धरलेलं होतं.

त्या डोंगरात एका जातीचे किडे होते. रातकिड्यांसारखेच, पण दिवसाउजेडी झाडाला चिकटून गाणारे. लोक त्यांना झिल्ल्या म्हणत. या झिल्ल्या मुळांचा रस पिऊन मातीखाली राहायच्या आणि बारा वर्षांनी एकदा, वैशाखात, भोकं पाडून वर यायच्या. खोडावर चढायच्या, कात टाकायच्या, पंख वाळवायच्या. काही दिवस गप्प राहायच्या आणि मग असा सूर धरायच्या, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. गाणं संपलं की फांद्यांत अंडी घालून मरून जायच्या. पिल्लं खाली मातीत उतरायची, ती पुन्हा बारा वर्षांसाठी.

सगळ्याच राईंत त्या येत नसत. म्हणून गावाची रीत होती. ज्याला जिथे झिल्ल्या दिसतील त्यानं चावडीवर येऊन सांगायचं. मग त्या राईला वर्षभर कुऱ्हाड लावायची नाही, मग राई कुणाच्याही मालकीची असो. ही रीत कुणी घालून दिली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण आजवर कुणी मोडली नव्हती.

अशाच एका झिल्ल्यांच्या वर्षी कोंडाजीवर वाईट वेळ आली. होळीनंतर त्याचं घर जळालं. माणसं वाचली, गुरं वाचली, पण छप्पर, तुळया, कणगीतलं धान्य, सगळ्याची राख झाली. बायकोला, पारूला, घेऊन तो गोठ्यात राहू लागला. धुरानं पारूचा खोकला बळावला होता. गोठ्याच्या ओलीत पावसाळा काढणं तिला झेपणार नाही, हे कोंडाजीला दिसत होतं.

घरासाठी लाकूड मात्र त्याच्यापाशी होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याची स्वतःची राई होती. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळी सरळ, भरीव झाडं. त्यानं घाटाखालून लाकूडतोडे बोलावले. ते वैशाखात यायचे होते.

ते यायच्या आदल्या दिवशी पहाटे येसाबाई त्याला हाक मारत आली. येसाबाई म्हणजे गावात झाडपाला देणारी म्हातारी. नवरा काही वर्षांपूर्वी गेला, मुलगी मंजुळा गावातच दिलेली. भाजणं, पोटदुखी, लहान पोरांचा खोकला, यावर तिचा पाला चालायचा. कोंडाजी तिला आक्का म्हणायचा. घर जळालं त्या दिवशी पारूच्या पोळलेल्या हातांना तिनंच लेप लावला होता, आणि हात बरे होईपर्यंत रोज येऊन दोघांना भाकरी करून घातली होती.

"कोंडाजी, चल जरा वर. तुला काहीतरी दाखवायचंय," ती म्हणाली.

तो गेला. राईत उजाडत होतं. येसाबाईनं एका ऐनाच्या खोडाकडे बोट दाखवलं. खोडावर हातभर उंचीपासून वरपर्यंत झिल्ल्या बसलेल्या. नुकत्याच कात टाकलेल्या, दुधासारख्या पांढऱ्या, पंख अजून चुरगळलेले. खाली मातीत बोट जाईल एवढी भोकं. जवळच्या दोन-तीन झाडांवरही तेच.

येसाबाईचा चेहरा उजळला होता. "मागच्या खेपेला आमचे हे होते," ती म्हणाली. "दोघांनी मिळून पाहिल्या होत्या. आता परत बघायला मिळतील असं वाटलं नव्हतं." मग ती म्हणाली, "दुपारी चावडीवर सांगू. तू आहेस म्हणजे बरंच झालं. माझ्या एकटीच्या सांगण्याला कोण विचारतो?"

ती खाली उतरली. कोंडाजी तिथेच उभा राहिला.

चावडीवर सांगितलं की राई वर्षभर बंद. वर्षभर गोठा. पारूचा खोकला त्याच्या कानात घुमू लागला. आजपर्यंत गावासाठी आपण कधी खोटं बोललो नाही, मग एकदा आपल्या माणसासाठी बोललो तर काय बिघडलं, असं त्याच्या मनात आलं. किडेच तर आहेत. दुसऱ्या राईत येतीलच.

त्यानं ऐनाची एक डहाळी तोडली. त्या डहाळीनं खोडांवरच्या झिल्ल्या झाडून खाली पाडल्या. वाळलेल्या काती झटकल्या, पायानं भोकं बुजवली, वर पाचोळा सारला. हे सगळं करताना त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

उन्हं कलल्यावर चावडी भरली. कुणी खालच्या देवराईत झिल्ल्या पाहिल्याचं सांगितलं, कुणी खिंडीजवळच्या जांभळीवर. येसाबाई उठली आणि म्हणाली की कोंडाजीच्या राईतही आल्यात, तिनं आज सकाळीच पाहिल्या.

पाटलांनी कोंडाजीकडे पाहिलं. "काय रे? तुझ्या राईत आहेत?"

"नाहीत," कोंडाजी म्हणाला. "मी सकाळी तिथेच होतो."

येसाबाई त्याच्याकडे वळली. "अरे, तू माझ्या शेजारीच उभा होतास ना?"

"होतो, आक्का. पण ती खोडावरची बुरशी होती. तुला झिल्ल्या वाटल्या. आता वय झालं तुझं."

मागे दोघं-तिघं हसले. वाईट मनानं नव्हे, म्हाताऱ्या माणसाला हसावं तसं. पाटलांनी येसाबाईला बसायला सांगितलं. राई पाहून यायला कुणीही उठलं नाही. कोंडाजीनं सांगितलं होतं, मग पाहायचं काय?

येसाबाई रागावली असती तर कोंडाजीला बरं वाटलं असतं. पण ती रागावली नाही. ती नुसती गोंधळलेल्या नजरेनं त्याच्याकडे पाहत राहिली. मग चावडीवरून उठली ती थेट राईत गेली. ऐनाच्या खोडावरून तिनं दोन्ही हात फिरवले. खोड कोरडं होतं. खाली पाचोळा होता. दिवस मावळेपर्यंत ती एकेका झाडाला हात लावून पाहत होती. ओढ्यापलीकडून कोंडाजीला ती दिसत होती. त्यानं हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी पडल्या. लाकूडतोडे परगावचे, त्यांना रीत ठाऊक नव्हती. आदल्या रात्री वर आलेल्या झिल्ल्या पाहून ते किडे म्हणून झटकून मोकळे झाले. ओंडके ओढताना माती उलटीपालटी झाली, फांद्या-काटक्या जागीच पेटवल्या गेल्या. त्यातूनही काही झिल्ल्या मागाहून वर आल्या. चढायला झाड नव्हतं. त्या बुंध्यांवर चढल्या, कुऱ्हाडीच्या दांड्यावर चढल्या, आणि उन्हात तशाच वाळून गेल्या. कोंडाजीनं त्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं.

पावसाच्या आत घर उभं राहिलं. चांगलं घर झालं. कोरड्या जागेत पारूचा खोकला हटला. कोंडाजीनं मनाची समजूत घातली, की ज्यासाठी केलं ते तर साधलं.

पण येसाबाईनं झाडपाला देणं बंद केलं. मंजुळा पोराचा खोकला घेऊन आईकडे आली, तेव्हा आईनं तिलाही परत पाठवलं. "डोळ्यांनी नसलेलं दाखवलं मला, बाई," ती म्हणाली. "कोंडाजी काही खोटं बोलायचा नाही. माझीच नजर गेली. उद्या एखादं पान चुकलं तर कुणाच्या लेकराच्या जिवावर यायचं."

लोक पाल्यासाठी येत राहिले, मग हळूहळू यायचे थांबले. भाजलं-पोळलं तरी घाट उतरून जाऊ लागले. येसाबाई उंबऱ्याशी बसून राही. रानात जायची तीही बंद झाली. कोंडाजी दारावरून जाताना दिसला की मात्र ती त्याला बोलवायची. तांदूळ पुढे करून म्हणायची, "यात खडा आहे का बघ रे." लुगडं दाखवून विचारायची, "हे हिरवंच आहे ना?" कोंडाजी बघायचा, सांगायचा. ती मान हलवायची. स्वतःला नीट दिसत असलेली गोष्टही ती त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय खरी मानत नसे.

दर वेळी कोंडाजीच्या जिभेवर ते यायचं. आक्का, तुझी नजर चांगली आहे, मीच खोटं बोललो. एवढंच म्हणायचं होतं. पण कधी शेजारीण बसलेली असायची, कधी पारू सोबत असायची, कधी तिथे कुणीच नसायचं आणि तरी धीर व्हायचा नाही. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणून तो उठायचा. अशी वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात येसाबाई अंथरुणाला खिळली. मंजुळा तिला आपल्या घरी घेऊन गेली. कोंडाजी भेटायला गेला तेव्हा त्यानं ठरवूनच टाकलं होतं, की आज सांगायचं. तो उशाशी बसला. येसाबाईनं त्याचा हात चाचपून धरला.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "तुझे उपकार आहेत माझ्यावर. त्या वर्षी तू तोंडावर खरं सांगितलंस. दुसरा कुणी असता तर म्हातारीचं मन राखायला हो म्हणाला असता, आणि मी तशीच पाला देत राहिले असते. तुझ्यामुळे माझ्या हातून पाप घडलं नाही."

आता खरं सांगितलं तर मरणाऱ्या बाईचं उरलंसुरलं समाधान हिरावून घेतल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. का तेही एक निमित्तच होतं, ते त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही. तो नुसता हात धरून बसला. आठवडाभरात येसाबाई गेली.

त्यानंतर काही वर्षांनी झिल्ल्यांचा वैशाख फिरून आला. देवराईत आल्या, खिंडीत आल्या. कोंडाजी रोज पहाटे आपल्या तोडलेल्या राईच्या जागेत जाऊन बसायचा. तिथे आता कमरेएवढी झुडपं होती. मातीत एकही भोक पडलं नाही.

चावडीवर लोक जमले. हैबती नावाचा तरुण शेतकरी उठला. त्याला गोठा बांधायचा होता, आणि त्यासाठी आपल्या वाट्याची चार झाडं तो तोडणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणाला, "माझ्या झाडांवर आल्यात. काल पाहिल्या." एवढं बोलून तो खाली मान घालून बसला.

पाटील म्हणाले, "माझ्याकडे दोन वासे आहेत, घेऊन जा." मग दुसरा म्हणाला, माझ्याकडे एक खांब पडून आहे. कुणी कौलं देऊ केली, कुणी बांबू. चावडी उठायच्या आत हैबतीच्या गोठ्याचं जमलं होतं.

कोंडाजीच्या डोळ्यांपुढे जळालेलं घर आलं. त्या वेळी आपण एका शब्दानंही कुणाला काही मागितलं नव्हतं. मागायची वेळ येण्याआधीच आपण डहाळी हातात घेतली होती.

तो उठून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. डहाळी, काती, बुजवलेली भोकं, काहीही लपवलं नाही. त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहून असेल, शिक्षेची भाषा कुणी काढली नाही.

बायकांच्या बाजूनं मंजुळा पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"काका, माझी आई शेवटपर्यंत स्वतःच्या हातातला दाणा तुम्हाला विचारून खायची," ती म्हणाली. "हे ऐकायला तिलाच असायला हवं होतं. मी ऐकून काय करू?"

मंजुळा घरी गेली. तिच्यामागून एकेक करत बाकीचेही गेले. कोंडाजी काठी टेकत घराकडे निघाला.

तात्पर्य: आपलं खोटं कुणी पकडलं नाही, तरी ते किंमत घेतल्याशिवाय राहत नाही; आपल्यावर ज्याचा सर्वांत जास्त विश्वास, त्यालाच ते भोगावं लागतं. म्हणून खरं सांगायचं ते ऐकणारा माणूस आहे तोवरच सांगावं.