दोन शून्यं

"...शिष्य चुकला, आणि वर चूक कबूलही करत नसला, तर गुरूनं काय करावं, बुवा?"

प्राध्यापक मिरीकरांच्या खिशात पत्र तयार होतं. कल्याणी पाटोळे हिला माझ्या हाताखालच्या संशोधनातून कमी करावं, असं त्यात लिहिलेलं. सही तेवढी राहिली होती.

वीस वर्षं ते दर गुरुवारी मठात येत. बुवांच्या शिष्यांत आपला नंबर पहिला, हे त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

हैबतीबुवा समाधीपुढच्या ओट्यावर उकिडवे बसले होते. मठात येण्याआधी ते फरशीकाम करत. आज ओट्यावर निळ्या काचेचे बारके चौकोनी तुकडे बसवायचे होते.

"काय चुकली ती?"

"बार्न नावाचं एक माप आहे. अणूच्या गाभ्याचं क्षेत्रफळ मोजायचं. एक बार्न म्हणजे किती चौरस मीटर, एवढंच लिहायचं होतं. चौरस सेंटीमीटरातला आकडा मला झोपेतही येतो. त्याला शंभरानं भागलं की झालं. बाईसाहेबांनी दोन शून्यं जास्त घातली."

"इतक्या बारक्या वस्तूत दोन शून्यं..."

"शंभरपट फरक पडतो, बुवा! तीस वर्षं या विषयात घासली मी."

"मग तुमचंच बरोबर असणार."

मिरीकर सुखावले.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, सर, एकदा चौकोन काढून बघू या का? मला! चौकोन!"

ओट्यावर सुतळीनं आखलेल्या चौकोनाकडे बुवांनी बोट केलं.

"मीटरभर लांब, मीटरभर रुंद. तुकडा सेंटीमीटरचा. किती लागतील?"

"मीटरात सेंटीमीटर शंभर. शंभर लागतील. शाळकरी पोरगंही सांगेल."

बुवांनी एक पुडी त्यांच्या हातात ठेवली. "मोजून शंभर आहेत. मांडा."

मिरीकरांनी बाह्या सरसावल्या. कडेपासून सुरुवात केली. एकाला एक चिकटवून, नीट.

...अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर.

पुडी संपली. चौकोनाच्या एका कडेला बोटभर रुंदीची निळी ओळ. बाकी सगळा ओटा उघडा.

मिरीकर बघतच राहिले.

बुवांनी मागचं पोतं पुढं ओढलं. आत तसल्याच आणखी नव्व्याण्णव पुड्या होत्या.

"शंभर ओळी..." मिरीकर पुटपुटले. "म्हणजे दहा हजार. दहा हजारानं भागायला हवं होतं."

त्यांचे कान तापले. लाज वाटलीच, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. काल सही करायला पेन सापडलं असतं, तर पोरीची चार वर्षं पाण्यात गेली असती.

त्यांनी पत्र काढलं, फाडलं, तुकडे खिशात कोंबले.

बुवा सुतळी ताणत होते.

मिरीकर पोत्याकडे सरकले. "चुकलो, बुवा. आता हा सगळा ओटा मीच भरतो. एकट्यानं. प्रायश्चित्त म्हणून."

त्यांनी दुसरी पुडी उचलली. बुवांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पोत्यात परत टाकली.

"तिला घेऊन या," बुवा म्हणाले. "ती बसवील... तुम्ही तुकडे हातात द्या."