काचेचा पाट

एका राज्यात, बरं का, त्या दिवशी सकाळपासूनच चैताचं ऊन तापलं होतं. वारा पडलेला. आभाळात ढगाचं नखभर ठिगळ नाही. तरी सारी रयत बंधाऱ्यावर जमली होती, कारण पाटाला पाणी सोडायचं होतं. रीत अशी, की प्रधानानं कलशभर पाणी पाटात ओतायचं, मगच दार उचलायचं.

पण राजाला प्रधान दोन. डाव्या हाताला कान्हरदेव. ते म्हणत, शेत सगळ्यांचं, पीक सगळ्यांचं, जेवण एका पंगतीला. उजव्या हाताला भैरवपाळ. ते म्हणत, ज्याचं त्यानं कसावं, ज्याचं त्यानं खावं, राजानं मध्ये पडू नये. घरं दोघांची शेजारी-शेजारी, पण तोंड उघडायचं ते भांडायलाच.

"कलश माझ्याकडे द्या," कान्हरदेव म्हणाले. "पाणी रयतेचं आहे."

"रयत म्हणजे कोण? नाव सांगा, घर दाखवा!" असं म्हणून भैरवपाळांनी कलश ओढला.

ओढाओढीत कलश फुटला. बंधाऱ्याच्या तळाशी जादूगार राहत असे, त्याची झोप मोडली. त्यानं नुसती फुंकर मारली आणि दाराआड पाटात तुंबलेल्या पाण्याची काच झाली. आत मासे जागच्या जागी थांबलेले.

राजा घाबरला. पीक करपलं तर राज्य उपाशी. तेवढ्यात खंड्या पक्षी काचेवर उतरला, चोच आपटली म्हणून वैतागला आणि म्हणाला, "दोघांनी मिळून तीन कामं करा. पुनवेच्या आत. नाहीतर नदीचीही काच होईल."

पहिलं काम डोंगरापलीकडे. तिथं भुकेली भुतं बसलेली, आणि भाताची एकच हंडी. तेवढ्यात साऱ्यांना जेवू घालायचं.

"बदल्यात काय द्याल?" भैरवपाळांनी विचारलं.

भुतांनी रिकामे हात पुढं केले. कान्हरदेवांनी पंगत मांडून मूठ-मूठ वाढलं. भुतांनी ढेकर दिली आणि ती धूर होऊन गेली.

दुसरं काम बोलत्या बागेत. झाडांना फळं आणायची.

"आम्ही कुणाची?" झाडांनी विचारलं.

"सगळ्यांची!" कान्हरदेव म्हणाले.

"म्हणूनच आमचं आळं कुणी करत नाही," असं म्हणून झाडांनी पानं गाळली.

भैरवपाळांनी एकेक झाड एकेका माळ्याच्या नावावर केलं. बघता बघता आंबे लगडले. कान्हरदेवांनी एक निमूट खाल्ला. गोड होता.

दोघं बंधाऱ्यावर परतले, तेव्हा तिसरं काम जादूगारानं स्वतः सांगितलं. "आता एकमेकांची बाजू मांडा. मनापासून. खोटं मला कळतं."

मग कान्हरदेव म्हणाले, "माणूस घाम गाळतो तो आपल्या घरासाठी. त्याच्या हातचं काढून घेतलं, तर हातच थांबतो."

भैरवपाळ खाकरले. "पाटाच्या तोंडाशी शेत असणं हे कुणाचं कर्तृत्व नव्हे. शेवटच्याचं शेत कोरडं ठेवून पहिल्यानं पाणी का घ्यावं?"

जादूगार हसला. काच तडकली, मासे उसळले, दार उचललं आणि पाणी खळखळत निघालं. राजानं तिथंच ठरवलं, की शेत ज्याचं त्याचं, पाणी पाळीपाळीनं, आणि पहिली पाळी पाटाच्या शेवटच्या शेताची.

संध्याकाळी कान्हरदेव अंगणात पाय धूत होते. कुंपणावरून शेजारच्या भैरवपाळांनी हाक मारली, "अहो, उद्या दरबारात तुम्हाला हरवणारच आहे मी. पण माझी बाजू पुन्हा इतकी चांगली मांडू नका, मला कोण विचारील? बरं, ते राहू द्या. पानं वाढलीत, जेवायला या."