पिंपाजवळची पाटी

एकदा एका सूतगिरणीच्या दारात एक नवी कोरी खाद्यगाडी येऊन उभी राहिली. छोट्या टेम्पोच्या पाठीवर बांधलेले ते चालते स्वयंपाकघर होते. पुढच्या बाजूला वाढण्याची खिडकी, आत दोन शेगड्या आणि मागच्या अंगाला पाण्याचे मोठे निळे पिंप. गाडीची मालकीण गिरिजा नावाची तरुण सून होती. तिची जाऊ शेवंता भाकऱ्या थापायची आणि गिरिजा आमटी, झुणका, ठेचा करून वाढायची. हातच्या पाटल्या मोडून तिने ही गाडी उभी केली होती. घरात कोणी तोंडाने बोलत नव्हते, पण सासूबाईंची नजर रोज तिच्या रिकाम्या मनगटांवरून फिरून जाई.

हा धंदा तिला शिकवला होता एका वृद्धाने. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. अण्णांनी उभी हयात हातगाडीवर भाकरी-आमटी विकली. त्यांचा एक नेम होता: ज्या हाताने वाढायचे, त्या हाताने पैशाला शिवायचे नाही. गाडीच्या कडेला ते एक पितळी परात ठेवीत. जेवणाराने जेवावे, पैसे परातीत टाकावेत आणि आपली मोड आपणच उचलून घ्यावी. काही लोक त्यांना वेडे म्हणत, आणि तेच लोक रोज त्यांच्याकडे जेवत.

गिरिजाने अण्णांकडून आमटी उचलली, परात मात्र उचलली नाही. तिचेही चुकले असे म्हणता येत नाही. आता खिशात नोटा बाळगतो कोण? शिवाय गाडी घेतली त्याच आठवड्यात कंपन्यांची तरतरीत मुले तिच्याकडे येऊन गेली. एकाने क्यूआर कोडची पाटी दिली. दुसऱ्याने आपली दिली. तिसऱ्याने पाटीसोबत पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा डबा दिला. चौथ्याने पाटी तर दिलीच, वर कार्डाचे यंत्रही गळ्यात मारले. गिरिजाने चारही पाट्या खिडकीच्या काचेवर ओळीने लावल्या. खिडकीला नवरीसारखा थाट आला. वर तिने एक सूचना चिकटवली: ‘आधी पैसे, मग ताट. रोख स्वीकारत नाही.’

गिरणीचे मुकादम जगदाळे यांनी तिला पहिल्याच दिवशी बजावले होते.

“ताई, जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. भोंगा झाला की माणूस आत पाहिजे. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला देणार. मग वाईट वाटून घ्यायचं नाही.”

आणि जमेना. सुट्टी झाली की खात्यातले सगळे कामगार एकदम बाहेर येत. सगळ्यांचे फोन एकदम चालू होत आणि नेटवर्क मान टाकी. पहिला विचारी, “यातलं कोणतं स्कॅन करू?” दुसरा म्हणे, “माझे गेले, बघा.” गिरिजा म्हणे, “डबा बोलला नाही अजून.” मग सगळी रांग डब्याच्या तोंडाकडे बघत उभी राही. डबा आपल्या मर्जीने बोले. तोवर शेवंताच्या हातची पापुद्रा सुटलेली भाकरी गार होऊन चिवट झालेली असे. रोज भोंगा होई तेव्हा रांगेत माणसे शिल्लक असत आणि ती उपाशीच माघारी वळत. जगदाळे दारात उभे राहून हे पाहत. त्यांनी स्वतः त्या गाडीवर कधी घास खाल्ला नव्हता.

शेवटी गिरिजा अण्णांकडे गेली.

“अण्णा, कोणतं यंत्र ठेवू आणि कोणतं काढू, एवढं सांगा. जागा जायची वेळ आलीय.”

“मला त्यातलं काय कळतंय?” अण्णा म्हणाले. “उद्या जेवायला येतो.”

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. पण त्यांनी पाट्यांकडे पाहिले नाही, यंत्राला हात लावला नाही. आपले ताट संपवले आणि गाडीच्या मागे जाऊन पाण्याच्या पिंपापाशी उभे राहिले. सुट्टी संपेपर्यंत ते तिथेच उभे राहून हात धुणाऱ्या माणसांकडे पाहत होते. गिरिजाला राग आला. रोग्याने वैद्याला बोलवावे आणि वैद्याने अंगणातली झाडे बघत बसावे, तसे तिला झाले.

निघताना अण्णांनी तिला एकच विचारले, “गिरिजा, तुझ्या हाताला चव आहे. मग तुझ्याकडं दुसरी भाकरी कुणी मागत नाही, असं का?”

 खरे तर हे तिच्या लक्षातच आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी अण्णा सकाळीच आले, ते काखेत आपली जुनी परात घेऊन. त्यांनी काचेवरच्या चारही पाट्या उतरवल्या. ‘आधी पैसे’ची सूचना सोलून काढली. मग विचारले, “यातली कुठलीही एक ठेवली तर सगळ्यांचे पैसे येतात का?”

“येतात की. कुठल्याही ॲपनं देता येतात.”

“मग चार कशाला लावल्या होत्यास?”

“चौघांनी दिल्या म्हणून.”

अण्णा मिशीतल्या मिशीत हसले. त्यांनी एक पाटी निवडली आणि ती तारेने पिंपाजवळ डोळ्यांच्या उंचीवर बांधली. बोलणारा डबा तिच्या शेजारी ठेवला. खाली स्टुलावर परात मांडून तीत थोडी मोड टाकली. कार्डाचे यंत्र उचलून गाडीच्या खणात ठेवून दिले.

गिरिजा घाबरून म्हणाली, “अण्णा, पिंप मागं आहे. खिडकीतनं मला तिथलं काही दिसत नाही. लोक जेवून तसेच निघून गेले तर? माझ्या पाटल्या आहेत हो या गाडीत!”

“ठाऊक आहे मला. तू आमटी वाढ.”

सुट्टी झाली. माणसे सवयीने खिडकीशी येऊन खिसे चाचपू लागली, तो गिरिजाने त्यांच्या हातात ताटच दिले. एक जण गोंधळून म्हणाला, “अहो, पैसे?” अण्णा मागून ओरडले, “जेव रं आधी!” रांग सरकू लागली. सरकली कसली, धावू लागली. थोड्या वेळाने कोणीतरी ताट पुढे करून म्हणाले, “वैनी, आणखी एक भाकरी.” मग दुसऱ्याने मागितली, मग तिसऱ्याने. शेवंताचा हात थांबेना. आणि गाडीच्या मागून डब्याचा आवाज येऊ लागला, आधी एकदा, मग लागोपाठ. गिरिजाला मान वर करायची गरज पडली नाही. ती वाढत राहिली आणि ऐकत राहिली. मधूनमधून परातीत नाणे पडल्याचाही आवाज येत होता. एवढ्या लोकांकडे अजून रोख पैसे असतात, हे तिला तेव्हा कळले.

भोंगा झाला तेव्हा बापू नावाचा एक कामगार पिंपाशी फोन धरून उभा होता. फोनवरचे चाक फिरत होते आणि थांबत नव्हते. त्याने ओशाळ्या चेहऱ्याने अण्णांकडे पाहिले.

“जा,” अण्णा म्हणाले. “पाटी कुठं पळून जात नाही.”

बापू आत पळाला. गिरिजाने ते ऐकले आणि तिच्या कपाळावर आठी पडली. भांडी आवरताना तिने विषय काढलाच.

“अण्णा, आज झालं ते बघून जीव हरखला. खोटं कशाला बोलू? पण मला कळलं नाही. यंत्रं तीच, माणसं तीच.”

अण्णा पिंपाच्या कडेला टेकले.

“यंत्रं चांगलीच घेतलीस, पोरी. माझ्या वेळी हे असतं तर मी नाचलो असतो! जन्मभर एक जपलं, पैशाचा हात अन्नाला लागू द्यायचा नाही. इथं तर पैशाला कुणाचा हातच लागत नाही. पण निवडताना तू विचार केलास तो मला पैसे कसे मिळतील, एवढाच. देणारा ते कसे देईल, हे बघितलं नाहीस. सकाळपासून तो गिरणीतल्या यंत्रापुढं उभा आहे. भाकरी समोर दिसतेय. त्याचा हात ताटाकडं निघालाय आणि तू तो खिशाकडं वळवतेस. मग जेवताना त्याला अजून एक भाकरी हवी असते. पण हात आमटीनं भरलाय. त्या हातानं तो फोन काढणार कसा? तो गप बसतो आणि अर्धपोटी उठतो. काल मी पिंपाशी तेच बघत होतो. हात धुतला की माणूस घटकाभर थांबतो. पाणी निथळू देतो, शेजाऱ्याशी बोलतो. पोट भरलेलं असतं, मन मोकळं असतं, हात स्वच्छ असतो. पैसे द्यायची वेळ ती. म्हणून पाटी तिथं. ज्याच्याकडं फोन नाही, त्यालाही तिथंच हात धुवायचेत, म्हणून परात तिथं.”

“आणि कार्डाचं यंत्र?”

“लग्नसमारंभात, प्रदर्शनात गाडी नेशील तेव्हा काढ. तिथं लोक खुर्चीवर बसून निवांत खातात. यंत्र वाईट नाही. त्याची जागा इथं नाही.”

“आणि बुडवणारे?”

“निघतील एखाददुसरे. मलाही भेटले. पण एका लबाडाला धरायला तू रोज सगळी रांग उपाशी ठेवत होतीस. ते मला बघवलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा बापू सगळ्यांच्या आधी धावत आला, पण रांगेत उभा राहिला नाही. तो गाडीला वळसा घालून थेट पिंपाकडे गेला. डबा बोलला. मग बापू खिडकीशी येऊन म्हणाला, “ते कालचे होते बरं का, वैनी. आता वाढा.” गिरिजाचे डोळे भरून आले. तिने ते ठेच्याच्या तिखटावर ढकलले आणि त्याच्या ताटात झुणक्याचा मोठा डाव घातला.

महिनाअखेर आली. त्या दिवशी अण्णा पुन्हा जेवायला आले. जेवून पिंपाशी गेले आणि थबकले. पाटीच्या शेजारी खुंटीवर एक धुतलेला पांढरा पंचा लटकत होता.

“हे कुणी केलं?”

“मीच,” पाणी घ्यायला मागे आलेली गिरिजा म्हणाली. “ओल्या बोटानं फोन उघडत नाही, अण्णा. लोक हात विजारीला पुसायचे. म्हणून रोज एक धुतलेला पंचा लावते.”

अण्णांनी पंच्याला हात पुसले. हे त्यांना सुचले नव्हते, आणि त्याचाच त्यांना फार आनंद झाला. “आता तू माझ्या पुढं गेलीस,” ते म्हणाले, आणि कमरेची चंची सोडून त्यांनी परातीत आपल्या जेवणाचे पैसे टाकले. गिरिजा नको नको म्हणत राहिली. त्यांनी मोड मोजून उचलली.

तेवढ्यात गिरणीच्या दारातून जगदाळे आले. गिरिजा लगबगीने खिडकीशी परतली. मुकादम आज जागेचा निकाल सांगणार, हे तिला ठाऊक होते. जगदाळे सरळ रांगेत शेवटी उभे राहिले, ताट घेतले, आडोशाला बसून जेवले. मध्येच उठून आले आणि ताट पुढे करून म्हणाले, “एक भाकरी द्या.” शेवंताने वाफाळती भाकरी घातली. ते जेवून मागे गेले. पाण्याचा आवाज आला. भोंगा झाला. रांगेत एकही माणूस उरलेला नव्हता. आणि गाडीच्या मागून डबा बोलला, एका ताटाचे आणि वरच्या भाकरीचे पैसे जमा झाल्याचे.

जगदाळे पंच्याला हात पुसत समोर आले.

“सोमवारपासून जरा लवकर येत जा, ताई,” ते म्हणाले. “दुसऱ्या खात्यालाही सुट्टीत इकडंच पाठवणार आहे.”

गिरिजाने अण्णांकडे पाहिले. अण्णा आपली परात तिथेच स्टुलावर ठेवून, रिकाम्या हातांनी घराकडे चालू लागले होते. तिने त्यांना हाक मारली नाही. पदर सावरून, खिडकीतूनच वाकून तिने त्या पाठमोऱ्या माणसाला नमस्कार केला.

आपण रोज कोणाकडून ना कोणाकडून काही घेत असतो. ते मागण्यापूर्वी त्याचा हात मोकळा आहे का, एवढे जरूर पाहावे.