हेल्वीबाईंच्या वाफ्यातला दगड

“बाई, एक तरी चूक सापडली का?”

हेल्वीबाईंनी शेवटचं पान टेबलावर पालथं ठेवलं. चष्मा काढला, पदराला पुसावा तसा स्वेटरच्या कडेला पुसला. मग खिडकीबाहेर पाहत राहिल्या...

“नाही,” त्या म्हणाल्या. “एकही नाही.”

मुकुंद आठल्येचा चेहरा खुलला. हे त्याला ठाऊकच होतं, पण बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

मुकुंद सांगलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. शिष्यवृत्ती मिळवून तो तीन वर्षांपूर्वी फिनलंडला आला, भाषा शिकला आणि एका मराठी कोशासाठी त्याने या देशाची चाळीस पानी ओळख लिहिली. इतिहास, समाज, अर्थव्यवस्था. आठवड्याने तो परत निघणार होता. त्याच्या तुर्कू शहरातल्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं, “जाण्याआधी हेल्वीबाईंना दाखव. मला इतिहास त्यांनी शिकवला.”

म्हणून पानांचा फिनिश तर्जुमा करून तो या खेड्यात आला होता. तळ्याकाठची वस्ती, पिवळी पडलेली बर्चची झाडं, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, चाळीस वर्षं खेड्यातली शाळा चालवलेल्या हेल्वीबाई. इकडे शिक्षकांनाही सगळे नावाने हाक मारतात. पण मुकुंदच्या तोंडी ‘बाई’च आलं, आणि त्यांनीही ते चालवून घेतलं.

“मग दोन ओळींचा अभिप्राय द्याल ना?”

“कशावर?”

“फिनलंडवर. म्हणजे... मी लिहिलेल्या.”

“हा फिनलंड होय?” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, पत्ता आहे. अगदी बिनचूक लिहिलायस. आता घरात कधी जायचं?”

मुकुंद हसला. मग हसू आवरलं.

“बाई, राहिलं काय सांगा ना. सहाशेहून जास्त वर्षं स्वीडनचा अंमल, मग रशियाचा झार. १९०६ साली बायकांना मताचा हक्क, निवडणुकीला उभं राहण्याचाही. १९१७ ला स्वातंत्र्य, आणि पुढच्याच वर्षी भावाभावांची लढाई...”

“आणि त्याआधीचा दुष्काळ?”

“आहे की. पान नऊ. दीडेक लाख माणसं गेली.”

“बाकीची?”

“बाकीची... जगली.”

“कशी?”

“पाइनच्या सालीचं पीठ पावात मिसळून. तेही लिहिलंय.”

“साल सोलून कुणी आणली? अंगात त्राण नसताना?”

मुकुंदच्या आवाजाला धार आली. “बाई, ही कोशातली नोंद आहे. तिच्यात माणसांची नावं नसतात.”

“बरं,” म्हणत हेल्वीबाई उठल्या. दाराशी ठेवलेले रबरी बूट त्यांनी पायात चढवले. “बटाटे काढायचेत. येतोस?”

मुकुंदने घड्याळात पाहिलं. बस चारची होती. अभिप्राय हवा असेल तर बटाटे काढणं भाग होतं.

घरामागे बटाट्यांचा वाफा होता, आणि पलीकडे उतरत गेलेलं शेत. शेताच्या कडेला पुरुषभर उंचीची दगडांची रास होती. शेवाळाने हिरवी, आणि लांब, अगदी तळ्यापर्यंत गेलेली.

“एवढे दगड कुठले?”

“याच जमिनीतले.”

दोघं अर्धा तास मुकाट खणत राहिले. मग मुकुंदचं फावडं ठणकलं.

“दगड आहे,” तो म्हणाला.

“मग काढ.”

मुकुंद तालमीत घाम गाळलेला माणूस. त्याने बाह्या सारल्या, माती उकरली, दोन्ही हात खाली घातले आणि जोर लावला. दगड जागचा हलेना. आणखी उकरलं, तसा तो मोठाच होत गेला. पाण्याच्या पिंपाएवढा झाला... त्याहून मोठा. मुकुंदच्या पाठीत कळ आली. बोटं सोलवटली.

हेल्वीबाई बटाट्यांची माती झटकत राहिल्या.

“राहू दे ना हा इथेच,” मुकुंद धापा टाकत म्हणाला. “तुमच्या देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा तो काय! शंभरात दोन-तीनच. पान एकतीस.”

तेवढ्यात शेजारच्या शेतातून एक म्हातारा आला. सत्तरी उलटलेला, खांदे रुंद, हातात लोखंडी पहार. त्याने कुणाला काही विचारलं नाही. पहार दगडाखाली सारली आणि मुकुंदकडे नुसतं पाहिलं. मुकुंदने दुसरं टोक धरलं. दोघांनी भार टाकला...

दगड सुटला. दोघांनी तो लोटत लोटत राशीपर्यंत नेला.

“कीतोस!” मुकुंद म्हणाला. फिनिशमध्ये ‘आभारी आहे’. मनापासून म्हणाला.

म्हाताऱ्याने पहार खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला. त्याने मागेही पाहिलं नाही.

मुकुंद खजील झाला. मग थोडा रागावला.

“पाहिलंत, बाई? उत्तरसुद्धा दिलं नाही. मी उगाच लिहिलं नाहीये. पान सव्वीस. ‘फिनिश माणूस अबोल आणि अलिप्त असतो.’”

हेल्वीबाई बटाट्यांची बादली घेऊन पायरीवर बसल्या. त्यांनी त्यालाही बसायला खुणावलं. आतून काळा पाव, लोणी आणि ताक आणलं. ताक बघून मुकुंदचा राग अर्धा ओसरला.

“तो वेइक्को,” बाई म्हणाल्या. “हे शेत त्याच्या बापाचं होतं.”

“आणि आता?”

“आता माझं.”

मुकुंदने मान हलवली. हे त्याला पाठ होतं. “युद्धात कारेलिया प्रांत रशियाकडे गेला. चार लाखांवर माणसं घरं सोडून इकडे आली. १९४५ चा कायदा. इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीतून तुकडे काढून त्यांना दिले.”

“काय दिलं?”

“जमीन.”

“हं...” हेल्वीबाईंनी पावाला लोणी लावलं. “आम्ही कारेलियाचे. वडील आघाडीवर गेले ते आलेच नाहीत. आई, मी आणि पाळण्यातला भाऊ. सेहेचाळीसच्या वसंतात सरकारी माणसाने इथे चार खुंट्या ठोकल्या आणि आईला म्हणाला, ‘हे तुमचं.’ जमीन कसली, नुसते दगड. चांगला तुकडा कोण देतो?”

“आणि वेइक्कोचे वडील?”

“एर्क्की. आठ दिवस तो रोज सकाळी बांधावर येऊन उभा राहायचा. अर्धं शेत गेलं होतं त्याचं. बोलायचा नाही, नमस्कार नाही. नुसता आमच्याकडे बघायचा. आई घाबरून आम्हाला घरात कोंडायची आणि एकटी दगड उचलायची. मी तेरा वर्षांची होते. खिडकीतून बघायचे.”

दूर वेइक्कोच्या अंगणात कुऱ्हाडीचा आवाज येऊ लागला.

“नवव्या दिवशी एर्क्की आला तो पहार घेऊन. मला वाटलं, आता हा आईला मारणार... त्याने पहार दगडाखाली घातली.”

मुकुंदच्या हातातला पाव तसाच राहिला.

“आई म्हणाली, ‘कीतोस.’ तो काही बोलला नाही. पुढच्या दगडाकडे गेला.”

“किती दिवस आला?”

“अकरा वर्षं,” हेल्वीबाई म्हणाल्या. “स्वतःची पेरणी झाली की आमच्याकडे. ती रास आई आणि एर्क्की या दोघांची आहे. कायद्यात ते लिहिलेलं नव्हतं.”

त्यांनी त्याच्या पेल्यात आणखी ताक ओतलं.

“शाळेत मी मुलांना युद्धं शिकवली,” बाई म्हणाल्या. “तहाच्या तारखा पाठ करून घेतल्या. पण सकाळी शाळेत जाताना आधी त्या राशीपाशी उभी राहायचे. रोज. अजूनही राहते. तेव्हा कुठे दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो.”

मुकुंद खाली बघत होता. सोलवटलेल्या बोटांकडे.

त्याला तुर्कूमधल्या पहिल्या हिवाळ्यातला जानेवारी आठवला. ग्रंथालयासमोर बर्फावरून पाय घसरून तो पडला होता आणि मनगट मोडलं होतं. समोरून आलेली बस थांबली. चालवणारी बाई खाली उतरली, तिने त्याला उठवलं, आपले हातमोजे काढून त्याच्या हातात चढवले, बसमध्ये बसवलं. इस्पितळाच्या थांब्यावर पुन्हा उतरून ती त्याला दारापर्यंत सोडून आली. बसमधली माणसं तेवढा वेळ गप्प बसून राहिली. कुणी चुळबूळ केली नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही.

बाविसाव्या पानावर त्याने लिहिलं होतं, ‘येथील बसगाड्या वेळेवर धावतात.’

त्या दिवशी ती बस अकरा मिनिटं उशिरा गेली होती.

तिचं नाव त्याने विचारलं नव्हतं. आणि तीन वर्षांत ही गोष्ट कुणाला सांगितलीही नव्हती. ‘मी माझ्या हिमतीवर राहिलो तिकडे,’ असंच तो सांगलीला फोनवर सांगत आला होता.

ताकाचा पेला त्याने खाली ठेवला. आत जाऊन चाळीस पानं घेऊन आला, सव्विसावं पान काढलं आणि त्या एका वाक्यावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. जागा कोरीच ठेवली.

“बाई, मी जरा जाऊन येतो. त्यांचे नीट आभार मानतो.”

“बस चुकेल तुझी.”

“चुकू दे.”

बांध ओलांडून तो वेइक्कोच्या अंगणात गेला. वेइक्को हिवाळ्यासाठी लाकडं फोडत होता. फोडलेल्या ढलप्यांचा ढीग पडला होता, आणि भिंतीशी त्या रचायच्या होत्या. मुकुंदने बोलायची वाक्यं मनाशी जुळवली होती. तुमच्या वडिलांविषयी कळलं. तुम्ही मघाशी केलेली मदत. माझ्या देशात आम्ही असं म्हणतो की...

वेइक्कोने मान वर केली. पाहिलं. पुन्हा कुऱ्हाड उचलली.

मुकुंदने वाकून दोन ढलप्या उचलल्या आणि भिंतीशी ठेवल्या. मग आणखी दोन.

पहिली ओळ वाकडी लागली. वेइक्कोने येऊन ती सरळ केली, सालीची बाजू वर कशी ठेवायची ते हातानेच दाखवलं आणि परत ओंडक्याकडे गेला. मुकुंद रचत राहिला. चारची बस रस्त्यावरून गेली. त्याने ती जाताना पाहिली. ताज्या लाकडाचा वास, कुऱ्हाडीचा ठोका, हातात खरखरीत साल... त्याला कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

भिंत कमरेएवढी झाली तेव्हा उन्हं कलली होती. वेइक्कोने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. बाकावरची कॉफीची किटली उचलून एकाच कपात ओतली, अर्धी स्वतः प्यायला, आणि कप मुकुंदपुढे धरला.

मुकुंद ती प्यायला. कप परत दिला. दोघांनी रचलेल्या लाकडांकडे एकदा पाहिलं.

मग मुकुंद निघाला. बांधापाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तो जागीच थबकला.

परत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला तेव्हा अंगभर लाकडाचा भुसा होता, आणि चेहरा चोरी करताना पकडलेल्या मुलासारखा झाला होता. हेल्वीबाई रात्रीसाठी बटाटे सोलत होत्या. दुसरी थाळी त्यांनी आधीच मांडून ठेवली होती.

“बाई... आभार मानायला गेलो आणि एक शब्द बोललो नाही हो. आभार राहूनच गेले.”

बाईंची सुरी थांबली नाही.

“इथवर ऐकू आले,” त्या म्हणाल्या.