न बसण्याची पुळण

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बालीनार नावाचे एक लहानसे गाव आहे आणि गावासमोर समुद्रात इनिशदारा नावाचे बेट. दिवसातून दोनदा ओहोटी लागते, मधला समुद्र मागे हटतो आणि अर्ध्या कोसाहून लांब पुळण उघडी पडते. त्या पुळणीवर पुरुषभर उंचीचे चौदा दगडी खांब उभे आहेत. खांबाखांबाने चालत गेले की माणूस बेटावर पोचतो. मात्र ही रांग सरळ नाही. पहिले पाच खांब बेटाच्या रोखाने जातात. सहाव्यापाशी रांग एकाएकी उत्तरेला वळते, सातवा खांब तर वाट चुकल्यासारखा पार बाजूला उभा आहे, आणि मग विळ्यासारखे वळण घेऊन उरलेले खांब पुन्हा बेटाकडे येतात. बेट समोर दिसत असताना एवढा वळसा कशासाठी, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच.

आम्ही सतरा जण होतो, बहुतेक नाशिककडचे. सहलीचा सहावा दिवस होता. कडे झाले, पडके किल्ले झाले, मठांचे अवशेष झाले. आता बेटावरची संताची विहीर पाहायची होती. ओहोटी पुरती लागायला अजून तास होता. वारा एका दिशेने राहत नव्हता. ढग धावत होते, ऊन येत होते, जात होते. कोणी घड्याळ बघत होते, कोणी उगाच बसपर्यंत जाऊन परत येत होते. माझ्या सुमनवहिनी पहिल्या खांबापर्यंत गेल्या आणि त्याच्या पायथ्याच्या दगडावर टेकणार, तेवढ्यात एका म्हातारीने त्यांचा कोपर धरला आणि हळूच त्यांना उभे केले.

ती म्हणजे नुआला. वय शहात्तर. तीस वर्षे ती या पुळणीवरून चालत बेटावर टपाल नेत असे. आता पाहुण्यांना पलीकडे घेऊन जाते. आमच्यातल्या बायकांनी तिला लगेच नुआलाआजी करून टाकले. तिने किनाऱ्यावरचा बाक दाखवला आणि सांगितले की बसायचे असेल तर तिथे बसा. खांबापासून पुढे, बेटाची गवताळ कड लागेपर्यंत, कोणी बसत नाही. या पुळणीचे नावच मुळी ‘त्रॉ गन सी’ आहे. म्हणजे न बसण्याची पुळण.

मग ओहोटीची वाट पाहता पाहता तिने जे सांगितले, ते असे.

हजार वर्षे झाली असतील, कदाचित जास्तच. तेव्हा बेटावर मोठा मठ होता. मठ स्थापन करणाऱ्या संताने हे चौदा खांब स्वतःच्या हातांनी रोवले, असे सांगतात. रांग तेव्हा सरळ होती, ताणलेल्या दोरीसारखी. मठाच्या दारात उभे राहिले की सर्वांत जवळच्या खांबामागे बाकीचे तेरा लपून जात, एवढी सरळ. मठाला त्याचा फार अभिमान होता.

त्या काळी बालीनारमध्ये गोर्मला नावाची सुईण राहत असे. नवरा समुद्राने नेलेला, मूलबाळ नाही. बेटावर सुईण नव्हती. कुणाचे दिवस भरले की बेटावरचे लोक ओल्या गवताची धुनी पेटवत. तो पांढरा धूर दिसला की गोर्मला पिशवी उचलून निघे. दहा-बारा वर्षे ती अशी जात-येत होती आणि तोवर तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नव्हती.

एका वसंतात सकाळीच धूर दिसला. एका कोळ्याच्या बायकोचे, ईमरचे, पहिले बाळंतपण होते. गोर्मला पाणी पुरते उतरायची वाटही न बघता निघाली. सहा खांब तिने झपाझप मागे टाकले. सातव्यापाशी मात्र पायाखालची वाळू एकदम मऊ झाली आणि ती मांड्यांपर्यंत रुतली. तिथे कधी असे झाले नव्हते. खांबाला मिठी मारून, वाळू हातांनी उकरून ती बाहेर आली, पण त्यात तिची सगळी ताकद गेली. आठव्या खांबापाशी ती टेकली. श्वास जागेवर येईपर्यंत, एवढेच तिच्या मनात होते. पाठ दगडाला लागली आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा खांबाची सावली दुसऱ्या बाजूला गेली होती.

ती पोचली तेव्हा ईमर गेली होती. मूल जगले होते, मुलगी होती. ईमरची सासू तिला शालीखाली घेऊन उंबऱ्यात बसली होती. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिने एवढेच विचारले, “कुठे होतीस?”

गोर्मलाला खोटे बोलता आले असते. वाळूत रुतले होते, असे ती म्हणाली असती तर ते खरेही होते. पण ती म्हणाली, “बसले होते.”

त्याच दिवशी परतताना, असे सांगतात, तिने आठव्या खांबावर हात ठेवून शपथ घेतली की या दोन किनाऱ्यांच्या मधे मी पुन्हा कधी बसणार नाही.

तेव्हापासून तिच्या पायांना चैन पडेनासे झाले. धूर दिसो वा न दिसो, रोज ओहोटीला ती पुळणीवर जायची. हातात काठी. पावलापावलाला वाळूत काठी खुपसायची, किती आत जाते ते बघायची, पुढे सरकायची. पावसात, वाऱ्यात, अंगात ताप असतानाही. जेवताना ती उभी राहून जेवत असे, म्हणे; झोपेत तिचे पाय हलत असत. लोक म्हणू लागले की ईमरच्या मरणाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पण दोन वर्षे अशी गेल्यावर तिला एक गोष्ट कळली, जी मठातल्या शहाण्यांना कळली नव्हती. पुळण एका जागी राहत नाही. दोन टेकड्यांमधून येणारा ओढा वाळूखालून वाहतो, आणि दर हिवाळ्यात तो थोडा थोडा सरकतो. संताने खांब रोवले तेव्हा ती रांग कणखर जमिनीवर असेल. आता ओढा बरोबर सातव्या खांबाखाली आला होता. उधाणाच्या ओहोटीनंतर तिथली वाळू वरून दगडासारखी दिसे आणि खाली घोड्याला गिळेल अशी असे.

ती मठात गेली. मठाधिपती तेव्हा केलाख नावाचे होते. साठीचे, विद्वान, माणूस वाईट नव्हता असे सगळेच म्हणतात. त्यांनी तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी तिला दारात नेऊन रांग दाखवली. एका खांबामागे तेरा लपलेले.

“ही रेघ संताने काढली आहे,” ते म्हणाले. “ती वाकडी करायला तू सांगतेस?”

“संताने काढली तेव्हा वाळू तशी होती, बाबा,” ती म्हणाली. “आता वाळू सरकलीय.”

केलाखांनी नकारार्थी मान हलवली आणि तिच्यासाठी प्रार्थना करू असे सांगितले. त्यानंतर तिने एकटीने, दोर लावून, सातव्या खांबाशेजारी खुणेचे दोन दगड उत्तरेच्या बाजूला ओढून ठेवले. मठवाशांनी ते दुसऱ्याच दिवशी समुद्रात टाकले. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा तिला मठात यायची बंदी झाली आणि जत्रेच्या मिरवणुकीतही चालायची बंदी झाली.

ती जत्रा ऑगस्टमध्ये भरते. त्या वर्षी ती नेमकी उधाणाच्या दिवशी आली. चारशे माणसे बालीनारच्या किनाऱ्यावर जमली होती. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, पाठुंगळीवरची पोरे. केलाख स्वतः त्यांना न्यायला बेटावरून होडीने आले होते. संताची घंटा घेतलेला मठवासी पुढे, त्याच्यामागे हातात दंड घेतलेले केलाख, त्यांच्यामागे सगळा जमाव. घंटेच्या पुढे कुणी जायचे नाही, हा जुना नियम. गोर्मला किनाऱ्यावर लोकांना अडवत होती, हात जोडत होती. लोक वाट काढून पुढे जात होते. काही जण हसतही होते. ज्यांची बाळंतपणे तिने केली होती त्या बायकांनीही मान खाली घातली.

मिरवणूक पाचव्या खांबापर्यंत गेली. तेव्हा ती धावत निघाली. जमावाच्या बाजूने, केलाखांच्या बाजूने, घंटेच्याही पुढे. लोकांमधून एकच कुजबुज उठली. ती सातव्या खांबापाशी गेली, त्याच्या चार पावले अलीकडे, जिथून सगळ्यांची वाट जाणार होती तिथे. आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

तीन वर्षांत त्या बाईला पुळणीवर स्थिर उभे राहिलेले कुणी पाहिले नव्हते.

आधी तिचे घोटे गेले. मग गुडघे. घंटेचा आवाज थांबला. कुणी तरी तिला ओरडून सांगितले की बाहेर ये, हात टेक, आडवी हो. ती हलली नाही. वाळू मांड्यांवर आली, कमरेवर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत होता, असे सांगतात.

“बघा बाबा,” ती केलाखांना म्हणाली. “मी बसलेली नाही. उभीच आहे.”

यापुढचे दोन प्रकारे सांगतात. काही म्हणतात की तिला दोन तरुण कोळ्यांनी ओढून काढले. पण बालीनारमध्ये सांगतात ते असे, की मठाधिपती केलाख आपल्या जरीच्या वस्त्रांसकट त्या ओल्या वाळूत पोटावर पालथे झाले आणि सरपटत पुढे जाऊन त्यांनी आपला दंड तिच्यापुढे केला. त्यांचे पाय मागच्याने धरले, त्याचे त्याच्या मागच्याने. अशी माणसांची साखळी झाली. लोकांनी अंगावरचे झगे काढून वाळूवर अंथरले. लेकुरवाळ्या बायांना आणि म्हाताऱ्यांना मागे पाठवले. तोवर भरती लागली होती. पाणी तिच्या हनुवटीला लागले तेव्हा वाळू सैल झाली आणि ती बाहेर आली.

त्या दिवशी एकही माणूस दगावला नाही. जत्रा मात्र झाली नाही.

गोर्मला जगली, पण ओढाताणीत तिची कंबर गेली. ती पुन्हा उभी राहू शकली नाही. तिला दुःख कशाचे झाले असेल, तर पुळणीवर जाता येत नाही याचे. घरात ती तळमळायची. ओहोटीची वेळ तिला अंथरुणात कळायची आणि हात काठी शोधायचे. वाळू सरकतेय, ती म्हणायची, आणि बघायला कुणी नाही.

ते हिवाळ्यात केलाखांच्या कानावर गेले. ते एका ओहोटीला बालीनारमध्ये तिच्या झोपडीत आले आणि खांब कुठे हलवू ते विचारू लागले.

“मला काय विचारता?” ती म्हणाली. “पायातले काढा आणि वाळूला विचारा.”

चार जणांनी तिला खाटेवरून किनाऱ्यावर आणले. मठाधिपतींनी वहाणा काढल्या, झगा खोचला, तिची काठी घेतली आणि जानेवारीच्या पाण्यात पाय घातला. ती मागून ओरडून सांगायची, उजवीकडे, अजून उजवीकडे, आता थांबा, काठी घाला. मठातले आणि गावातले लोक उभे राहून बघत होते. साठीचा विद्वान माणूस थंडीने थरथरत, सुईणीच्या हुकमाने, पावलापावलाने उत्तरेकडे सरकत होता. महिनाभर हे रोज चालले. मग त्यांनी सहाव्यापासून अकराव्यापर्यंतचे खांब उपटले आणि आता आहेत तिथल्या आसपास रोवले. नंतर मठाच्या दारातून बघणाऱ्याला चौदाच्या चौदा खांब दिसू लागले.

केलाख मरेपर्यंत, म्हणजे आणखी अकरा वर्षे, रोज काठी घेऊन पुळणीवर चालले. गोर्मला त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिच्या जागी किनाऱ्यावरून ओरडायला उभी राहिली ती ईमरची मुलगी, असे म्हणतात. ते खरे की लोकांनी मागाहून जोडले, कोण जाणे. पण बालीनारमध्ये ते कुणी खोटे मानत नाही.

मठ पुढे मोडला. त्याच्या दोन भिंती उरल्या आहेत. आजही दर काही वर्षांनी ओढा सरकतो आणि गावकरी एखाद-दुसरा खांब हलवतात. आजही ऑगस्टच्या जत्रेत घंटेच्या पुढे एक माणूस अनवाणी चालतो, आणि तो गावातला वाटाड्या नसतो. त्या दिवशी जमलेल्यांत जो सगळ्यात मोठ्या पदावरचा असेल, त्याने पुढे चालायचे. त्याच्यामागे काठीच्या अंतरावर गावातली एक बाई असते. ती सांगेल तिकडे त्याने वळायचे.

नुआलाआजीने हे काम बावीस वर्षे केले. एका वर्षी नवे बिशप आले होते. धिप्पाड माणूस, भराभर चालणारा. सहाव्या खांबापाशी तिने त्यांना वळायला सांगितले आणि ते थांबले. पुढचे पाऊल उचलेनात. मागे सातशे माणसे उभी होती. त्यांनी वळून तिला हळू आवाजात विचारले, “वाळू इकडे घट्ट आहे, याची तुम्हाला खात्री आहे ना?”

“नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर तुम्ही पुढे आहात.”

बिशप पुन्हा पुढे वळले. मग काठी वाळूत खुपसली, ती किती आत जाते ते वाकून बघितले, आणि पाऊल टाकले.