कांदळवेळचा रंगारी सोमा तांडेल

फार वर्षांपूर्वी, शिडांची जहाजं वाऱ्याच्या मर्जीने चालत होती तेव्हाची ही गोष्ट. कांदळवेळ हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. तिथे सोमा तांडेल नावाचा एक मच्छीमार राहायचा. त्याचा पाय जमिनीवर टिकत नसे. जेवताना अर्ध्यातून उठून तो समुद्र बघून येई. त्याच्या बायकोचं नाव आवडू. ती म्हणायची, ह्यांच्या तळपायांना भोवरा आहे.

एका वादळात सोमाची होडी वाहून गेली. गावाने वाट पाहिली, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. पण सोमा मेला नव्हता. एका मोठ्या जहाजाने त्याला उचललं होतं. ते जहाज उत्तरेला जात राहिलं, इतकं उत्तरेला की जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळायचंच विसरतो. त्या मुलखाचं नाव स्वीडन. तिथली घरं लाकडाची, गेरूसारखी लाल, काही हळदीसारखी पिवळी. खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्याशुभ्र. चहूकडे बर्फ पडलं की ती घरं निखाऱ्यांसारखी पेटलेली दिसत, असं म्हणतात. सोमा तिथे घरं रंगवायला शिकला. लाल माती आणि पीठ पाण्यात तासन् तास शिजवायचं, त्यात तेल ओतायचं, आणि तो रंग लाकडाला पाजायचा.

तिथेही तो स्वस्थ नव्हता. स्वप्नात त्याला कांदळवेळची खाडी दिसे. शेवटी जहाजं बदलत बदलत तो परत आला.

दाढी पिकलेला सोमा किनाऱ्यावर उतरला तेव्हा बायका किंचाळत पळाल्या. भूतच आलं म्हणे! आवडू तेवढी पुढे झाली. भुताचे पाय उलटे असतात, म्हणून तिने वाकून त्याचे पाय नीट निरखले.

"पाय सरळ आसत," ती म्हणाली. "आत येवा."

सोमा घरात आला, पण त्याचा जीव घरात येईना. आता त्याला स्वीडनमधली ती लाल घरांची गल्ली दिसू लागली. इकडे असताना तिकडे, तिकडे असताना इकडे. एके सकाळी त्याने टेकडीची तांबडी माती आणली, नाचणीचं पीठ घेतलं, होडीला लावायचं कडू उंडीचं तेल घेतलं आणि अंगणात हंडा चढवला. संध्याकाळपर्यंत त्याच्या घराची दर्शनी फळी लालभडक झाली होती. चौकटींना शिंपल्यांचा पांढरा चुना, दाराला पिवळी माती.

शेजारी धावत आले. "ह्या काय केल्यात? घराक रगत फासल्यात?"

सोमा कुंचला धुवत राहिला. पण त्या पावसाळ्यात देवळाचा चुनासुद्धा धुऊन गेला आणि सोमाचा रंग जागचा हलला नाही. फळीला वाळवी शिवली नाही. मग एकेक जण येऊन म्हणू लागला, आमचंही घर रंगव. सोमा रंगवत सुटला. कुणाचं लाल, कुणाचं पिवळं, कुणाचं निळीच्या रंगाचं. हात चालू असला की पायांची तडफड थांबायची. पण तो सगळ्यांना सांगून ठेवायचा, "शेवटचा घर रंगवून झाला, की मी जातलंय."

गावाला हे कळलं आणि गावाने एक युक्ती केली. सोमा शेवटच्या घरापाशी पोचला की कुणीतरी नवी खोप उभारी. कुणी जुनी फळी काढून कोरी बसवी. काम कधी संपेचना. वर्षं गेली. सोमाचे केस पांढरे झाले. हातात कुंचला आणि डोळे मात्र खाडीच्या तोंडाकडे. रंगवता रंगवता तो मध्येच थांबे आणि श्वास अडकल्यासारखा उभा राही. गावाने ते पाहिलं नाही. आवडूने पाहिलं.

एक दिवस खाडीबाहेर मोठ्या शिडांचं जहाज येऊन उभं राहिलं. गावात शेवटच्या घराची एकच फळी उरली होती, आणि पलीकडे लोक घाईघाईने नव्या खोपीचे खांब रोवत होते. आवडू तिथे गेली आणि तिने एक खांब उपटून टाकला.

"माझो घोव काय दावणीचो बैल आसा?" ती म्हणाली. "जीव घुसमटता तेंचो."

मग तिने सोमाच्या हातातून कुंचला घेतला, ती शेवटची फळी स्वतः रंगवली आणि त्याच्याकडे वळून न बघता म्हणाली, "तुमका जावचा आसा, तर जावा."

सोमाने गाठोडं उचललं. तो होडीत बसला. वल्हं मारायला त्याचा चुलतभाऊ नारू होता. होडी जहाजाच्या शिडीला लागली. सोमाने शिडीला हात घातला आणि एकदा मागे पाहिलं. किनाऱ्यावर लाल, पिवळी, निळी घरं उन्हात थरथरत होती, आणि तीच घरं उलटी होऊन पाण्यातही उभी होती.

"ह्यो खंयचो गाव रे?" त्याने विचारलं.

नारू गोंधळला. "सोमादादा, ह्यो आपलोच गाव."

सोमा पुष्कळ वेळ बघत राहिला. तळपायांतला भोवरा तेव्हा थांबला, असं म्हणतात. त्याने शिडी सोडली.

आवडू दारातच होती. रंगाने माखलेले हात तिने धुतले नव्हते. "जावक नाय?" तिने विचारलं.

"जावन इलंय," सोमा म्हणाला, आणि जेवायला बसला. त्या दिवशी तो ताटावरून मध्येच उठला नाही.

पुढे म्हातारा होऊन सोमा वारला, त्या दिवशी गावातल्या सगळ्या घरांचे रंग पुन्हा ओले झाले. ज्याने ज्याने भिंतीला हात टेकला त्याचा तळवा लाल झाला, आणि तो लाल बरेच दिवस निघाला नाही, असं जुनी माणसं सांगत.

आजही पावसाळा सरला की कांदळवेळला अंगणाअंगणांत हंडे चढतात. पुरुष घर रंगवतात, पण शेवटची फळी घरातली बाई रंगवते. त्या घरातल्या कुणाला बोटीवर जायचं असेल, परगावी जायचं असेल, नुसतंच कुठेतरी जायचं असेल, तर तो तिच्यामागे येऊन उभा राहतो. ती कुंचला खाली ठेवते आणि म्हणते, "तुका जावचा आसा, तर जा." त्यानंतर त्याला कुणी अडवत नाही. आणि त्याच्यासाठी दार कुणी लावत नाही.